इटलीत कॅमेरा म्हणजे खोली, मग आपली 'इन कॅमेरा' सुनावणी नेमकी कशात?

खिडकीतला

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि सुरुवात स्वतःच्या फजितीनेच करतो, म्हणजे नंतर कोणी हसलं तरी वाईट वाटायला नको.

मागे ऑफिसच्या कामाने तीन आठवडे इटलीत बोलोन्यात होतो. माझा जुना कॅमेरा, म्हणजे मोबाईल नाही, गळ्यात अडकवायचा खराखुरा, ट्रेनमधे वरच्या फळीवरून पडला आणि लेन्स फिरायची बंद झाली. त्यात रविवार, दुकानं बंद. हिंडता हिंडता एका जुनाट दारावर पितळी पाटी दिसली, 'आफित्ताकामेरे'. आता 'आफित्तासी' म्हणजे भाड्याने देणे आहे एवढं घरांवरच्या पाट्या वाचून पाठ झालं होतं, आणि पुढचं कामेरे म्हणजे कॅमेरेच की, म्हटलं वा, भाड्याने तर भाड्याने, आणि बेल दाबली. सत्तरीच्या एक आजीबाई आल्या. मी गळ्यातल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून म्हटलं 'कामेरा?' त्या म्हणाल्या 'सी सी, कामेरा!' आणि मला तीन जिने चढवून वर घेऊन गेल्या. दार उघडलं तर आत पलंग, कडक इस्त्रीची पांढरी चादर, भिंतीवर मेरीमाता, कोपऱ्यात बेसिन. मी गळ्याकडे बोट दाखवतोय, त्या पलंगाकडे. मग विचारतात, 'सिंगोला? मात्रिमोनियाले?' मात्रिमोनियाले ऐकून मला वाटलं ह्या मला लग्नाचा फोटोग्राफर समजल्या, मी जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणतोय. त्या बिचाऱ्या एवढंच विचारत होत्या की एकट्याची खोली हवी का डबलबेडची. शेवटी मी बटण दाबून खटक असा आवाज काढून दाखवला तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाल्या, 'आ, माक्किना!' तिकडे फोटोच्या कॅमेऱ्याला माक्किना फोतोग्राफिका म्हणतात, आणि नुसतं माक्किना म्हटलं की बहुतेकदा चारचाकी. म्हणजे कॅमेरा मागितला तर खोली, मशीन मागितलं तर मोटारगाडी. कॉफी मात्र पाजली आजीबाईंनी.

परत आल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना म्हणून जरा खोदकाम केलं. ग्रीकमधे 'कामारा' म्हणजे कमान, कमानदार छत. लॅटिनने तो उचलून 'कामेरा' केला, आधी अर्थ घुमटाकार छत एवढाच, मग हळूहळू त्या छताखालची जागा, म्हणजे खोली. तिथून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, रोमानियन सगळ्यांनी आपापल्या परीने वापरला आणि इंग्रजीने तर एकदा सोडून तीनदा घेतला, चेंबर फ्रेंचमधून, कॅमेरा सरळ लॅटिनमधून, आणि कॉम्रेड स्पॅनिशमधून व्हाया फ्रान्स.

ज्यांना ह्यातली कुठली भाषा येते त्यांनी भर घाला. आणि माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. पेपरात 'इन कॅमेरा सुनावणी' येतं आणि 'इन कॅमेरा शवविच्छेदन' पण येतं. दोन्हीकडे कॅमेरा तोच का?

शंकासूर

म्हणजे कॅमेरामन म्हणजे खरा रूमबॉय :D

पण मला पटत नाहीये. खोलीचं नाव यंत्राला कशाला देईल कोणी? आपण मिक्सरला स्वयंपाकघर म्हणतो का?

खिडकीतला

@शंकासूर, कारण पहिला कॅमेरा ही खरंच खोली होती. खोलीत मिट्ट अंधार करायचा, एका भिंतीला बारीक भोक ठेवायचं, बाहेर लख्ख ऊन असलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं, झाडं खाली डोकं वर पाय. हे फार जुनं ज्ञान आहे, अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैथमने ह्यावर प्रयोग केलेत. नेपल्सच्या देल्ला पोर्ताने १५५८ च्या पुस्तकात हे लोकप्रिय केलं, चित्रं गिरवायला वापरा असं सांगितलं. आणि केपलरने, हो तोच ग्रहांच्या कक्षांवाला, १६०४ च्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकात त्याला 'कामेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. पुढे खोलीचा तंबू झाला (केपलरकडे स्वतःचा होता, तो कुठेही रोवून त्यात बसून तो निसर्गचित्रं गिरवायचा), तंबूची पेटी झाली, पेटीला भिंग लागलं, शेवटी १८२० च्या दशकात नीप्सने त्या पेटीत रसायन लावलेला पत्रा ठेवून आपल्या घराच्या खिडकीतून बाहेरच्या छपरांचं चित्र पकडलं, कित्येक तास उघडं ठेवून. तेव्हापासून अंधारी गळून पडली आणि नुसती खोली उरली. आपण 'मोबाईल फोन'मधला फोन खाऊन मोबाईल ठेवला तसंच.

म्हणजे तुमच्या खिशात आत्ता दोन-तीन खोल्या आहेत.

नागपुरी संत्रं

आमच्या इकडे तर खोलीला कमराच म्हणतात बरेच जण, हिंदीच्या संगतीने. आता हे वाचून कळलं की कमरा तो हाच. लहानपणी मला वाटायचं कमरेशी काहीतरी संबंध असेल, कमरेएवढी भिंत वगैरे, हसू नका.

शेवग्याची शेंग

@नागपुरी संत्रं, कमरा हिंदीत पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा 'कामरा'. चावी, पगार, बटाटा, बालदी, घमेलं, बिजागरी ह्यांच्याच बोटीतून. गंमत म्हणजे ज्यांच्या दारात पोर्तुगीज चारशे वर्षं बसले होते त्या आपण मराठीवाल्यांनी बिजागरी घेतली, चावी घेतली, पण खोली आपलीच ठेवली. दाराचं सामान परदेशी, आतली जागा स्वदेशी.

आणि कमर फारसी आहे, पट्टा ह्या अर्थाचा. ग्रीक कामारा आणि इराणी कमर हे मुळात एकच असावेत असं काही अभ्यासक मानतात, कमान काय आणि कमरपट्टा काय, दोन्ही वाकवलेलंच. सगळ्यांना मान्य नाहीये ते, पण तुझं लहानपणचं डोकं अगदीच वाया गेलेलं नव्हतं.

फोर्टातला वकील

खिडकीतला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, रोजचाच विषय आहे.

इन कॅमेरा हे कोर्टाचं लॅटिन. इन म्हणजे मधे, कॅमेरा म्हणजे खोली, न्यायाधीशांची खोली. कोर्ट एरवी सगळ्यांना उघडं, कोणीही येऊन मागच्या बाकावर बसू शकतं. पण काही खटले असे की तिथे परक्यांनी बसणं बरोबर नाही. बलात्काराचे खटले, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६६. मुलांवरच्या अत्याचाराचे, पॉक्सोचं कलम ३७. घटस्फोट वगैरे, हिंदू विवाह कायद्याचं २२ आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचं ११. तिथे दार बंद होतं, ज्यांचा संबंध नाही ते बाहेर, आणि छापायलाही बंदी किंवा परवानगी लागते. म्हणजे इन कॅमेरा म्हणजे जिथे कॅमेरा नेता येत नाही तिथे!

आणि ज्या खोलीत न्यायाधीश बसतात तिला आम्ही चेंबर म्हणतो. तोच शब्द, एकदा लॅटिन गाऊन घालून आणि एकदा फ्रेंच कोट घालून. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडला पूर्वी 'चेंबर समन्स' नावाचा अर्जाचा प्रकारच होता.

आता शवविच्छेदनाचं. १९९५ मधे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना सांगितलं की कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रीकरण करा. ते योग्यच आहे. पण मराठी बातम्यांत त्याला इन कॅमेरा म्हणायला लागले, मग इन कॅमेरा पंचनामा, मग इन कॅमेरा ग्रामसभा. म्हणजे एकाच पेपरात पान एकवर इन कॅमेराचा अर्थ 'कोणीही बघू नये' आणि पान चारवर 'सगळ्यांना बघता यावं'. एवढा उलटा प्रवास दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला असेल असं वाटत नाही.

शंकासूर

वकीलसाहेब रागावू नका, पण चूक कोणाची? सामान्य माणसाला कॅमेरा म्हणजे कॅमेराच दिसणार. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधे त्याला छत म्हणायचे हे पोलीस पाटलाने का लक्षात ठेवायचं? मला तर ग्रामसभावाला अर्थच जास्त सरळ वाटतो. तुमचा अर्थ बदला.

फोर्टातला वकील

रागावत नाही. एक सांगतो फक्त. कौटुंबिक न्यायालयातली केस, बाई साताऱ्याकडच्या, चांगल्या शिकलेल्या. ज्युनियरने फोनवर सांगितलं, ताई पुढची तारीख इन कॅमेरा आहे. तारखेला आल्या त्या तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. मला बाजूला घेऊन विचारलं, ते शूटिंग नंतर कोणाकोणाला दाखवतात. दोन रात्री झोपल्या नव्हत्या. जी सोय त्यांची लाज राखायला केलेली तिच्याच नावाने घाबरल्या होत्या. तेव्हापासून आमच्या ऑफिसात इन कॅमेरा म्हणायला बंदी. 'बंद दाराआड' म्हणायचं. आणि दुसऱ्याला 'व्हिडिओ काढून' म्हणा ना, काय बिघडतं.

शंकासूर

हे मात्र पटलं.

नदीकाठ

पॅरिसहून माझे दोन पैसे. इथे तो शब्द झाला 'शांब्र', आणि शांब्र म्हणजे फक्त झोपायची खोली. घराच्या जाहिरातीत मात्र शांब्र मोजत नाहीत, 'पियेस' मोजतात, दो पियेस म्हणजे हॉल आणि बेडरूम, आपला वन बीएचके. किचन बाथरूम हिशोबातच नाही. मी पहिल्यांदा घर शोधताना दो पियेस म्हणजे टू बेडरूम समजून नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं की भाडं फारच स्वस्त आहे. खिडकीतला, तुमच्या आजीबाई परवडल्या, माझा एजंट कॉफीसुद्धा पाजत नव्हता.

लॅटिनमधला 'का' फ्रेंचमधे 'श' होतो हे एकदा कळलं की फार दारं उघडतात. कांतारेचं शांते (गाणे), काबाल्लुसचं शेवाल (घोडा), कास्तेल्लुमचं शातो (गढी), तसंच कामेराचं शांब्र. इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घेतलं तेव्हा तो उच्चार 'च' होता, म्हणून चेंबर. फ्रेंचांनी नंतर च चा श केला, इंग्रजांकडे जुना माल तसाच राहिला. परदेशात गेलेली मंडळी जुनं मराठी जपतात आणि इकडे पुणं बदलतं तसं काहीसं.

सायकलची ट्यूब म्हणजे 'शांब्र आ एर', हवेची खोली. स्पॅनिश इटालियन पोर्तुगीज सगळ्यांकडे हेच, हवेची खोली पंक्चर होते. रेड वाइन तळघरातून काढून खोलीच्या तापमानाला आणली की ती 'शांब्रे' झाली, म्हणजे खोलावली म्हणा, पण ही खोली जुन्या काळातली, सोळा-अठरा डिग्रीची, नागपूरकरांनी मे महिन्यात प्रयोग करू नये. आणि बोलीभाषेत एखाद्याला 'शांब्रे' करणं म्हणजे त्याची फिरकी घेणं.

नागपुरी संत्रं

आमच्याकडे वाइन नाही, माणूसच शांब्रे होतो.

अनुस्वार

सगळं छान, पण एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. कामेरामधे क आहे, म आहे, र आहे. चेंबर आणि शांब्रमधे ब आला कुठून?

लॅटिनमधे जोर पहिल्या अक्षरावर, का-मे-रा. मधला 'मे' बोलताना गिळला गेला, उरलं काम्रा. आता म आणि र शेजारी शेजारी आले की तोंडाची पंचाईत होते. म म्हणताना ओठ बंद आणि हवा नाकातून. र साठी ओठ उघडे आणि नाकाची वाट बंद. ह्या दोन गोष्टी एकदम झाल्या पाहिजेत, पण नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच असले तर मधे जो फुटतो तो ब. कोणी घालत नाही, तो आपोआप पडतो. काम्रा, काम्ब्रा, शांब्र.

तसंच नुमेरुस (आकडा), त्याचं फ्रेंचमधे नोंब्र, इंग्रजीत नंबर, आणि आपल्या गावाकडे लंबर. इटालियन नुमेरो, स्पॅनिश नूमेरो, त्यांनी मधला स्वर गिळला नाही म्हणून त्यांना ब चा प्रसाद मिळाला नाही. स्पॅनिश कामारा आणि इटालियन कामेरामधे ब नाही तो त्याच कारणाने. पण शेजारच्या कातालानमधे बघा, काम्ब्रा.

आणि आता हे वाचून झालं की स्वयंपाकघरात जा. आम्र, त्याचं प्राकृतात अंब, मराठीत आंबा. ताम्र, त्याचं तंब, मराठीत तांबं. आम्रमधे ब नाही, आंब्यात आहे. तांब्या-भांड्यातला ब आणि चेंबरमधला ब एकाच खोडीतून आलेत, रोममधे कोणीतरी घाईत बोललं आणि इकडे आपल्या पूर्वजांनीही घाई केली. म र च्या मधे ब, तसा न र च्या मधे द. वानरचं वांदर, तिकडे लॅटिन तेनेरचं फ्रेंच तांद्र (कोवळा). आरशासमोर उभं राहून 'आम्र आम्र आम्र' असं वीस वेळा भरभर म्हणून बघा, बाराव्या-तेराव्याला आंबा पडेल.

शेवग्याची शेंग

@अनुस्वार, आत्ता करून पाहिलं. नवव्यालाच पडला. मुलगी विचारतेय आईला काय झालं.

शंकासूर

चेंबूर पण ह्यातलंच का मग? :)

शेवग्याची शेंग

नाही रे बाबा. चेंबूर चेंबूरच.

पण चेंबरचा खरा मराठी अर्थ अजून कोणीच सांगितला नाही म्हणून मी सांगते. डॉक्टरचं नाही, वकिलाचं नाही, मराठा चेंबर नाही. चेंबर म्हणजे सोसायटीच्या मागे झाकणाखाली असतं ते. 'चेंबर तुंबलंय' हे वाक्य न ऐकता पावसाळा गेलाय का कोणाचा? रोमन घुमटापासून निघालेला शब्द अप्पर चेंबर लोअर चेंबर करत संसदेत पोचला, द्विसदनीला इंग्रजीत बायकॅमेरल म्हणतात ते पण दोन कॅमेऱ्यांचं म्हणूनच, आपलं महाराष्ट्राचं विधिमंडळ त्यातलंच, विधानसभा आणि विधानपरिषद. इटलीच्या लोकसभेचं नावच कामेरा, चारशे खासदारांची खोली. आणि एवढं सगळं फिरून शब्द आमच्या बी विंगच्या मागे येऊन तुंबला. सेक्रेटरी म्हणतात माणूस पाठवतो, दोन दिवस झाले.

तारवटी

गोंयातून लिहितोय. पोर्तुगीज काळात आमच्याकडे कामरा म्हणजे नगरपालिका, पूर्ण नाव कामरा मुनिसिपाल. लिस्बनमधे अजूनही महापौराला 'कामराचा अध्यक्ष' म्हणतात. ब्राझीलवाल्यांनी वाटणी केली, फोटोचं यंत्र ते 'कामेरा' आणि संसदेचं सभागृह ते 'कामारा', मधला एक स्वर बदलून भांडण मिटवलं.

स्पॅनिश पोर्तुगीजमधे बोटीवरच्या केबिनला 'कामारोत' म्हणतात, तोही ह्याच घरचा. माझे बाबा आणि दोन्ही काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, कामारोतमधे चार चार जण. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडीत राहायचे. कोंकणीत कूड म्हणजे खोली, पण मुंबईत कूड म्हणजे आपल्या गावच्या लोकांचा क्लब, प्रत्येक गावाची वेगळी. भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची एक पेटी तेवढीच त्याची जागा, रात्री वळकटी पसरायची, संध्याकाळी आल्तारीसमोर तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा. बाबांना त्या कुडीतले लोक सख्ख्या भावांपेक्षा जवळचे. 'तो आमच्या कुडीतलो' म्हटलं की पुढे ओळख विचारायची नाही. म्हणजे खोली म्हणायची आणि माणसं समजायची.

दुसरी पाळी

तारवटी, तू जे लिहिलंस तोच अख्खा कॉम्रेड शब्द आहे रे!

स्पॅनिशमधे 'कामाराद' असं शेवटी आ लावून, कामारादा. मूळ अर्थ एका माणसाचा नाही, खोलीभर माणसं. स्पॅनिश फौजेत जे शिपाई एका खोलीत राहायचे, खर्च एकत्र करायचे त्या सगळ्या घोळक्याचं नाव कामारादा. मग त्यातल्या एकेकाला कामारादा म्हणायला लागले, फ्रेंचमधे कामाराद, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटाला इंग्रजीत कॉम्रेड. तेव्हा त्यात लाल काही नव्हतं, समाजवादी मंडळींनी तो एकोणिसाव्या शतकात उचलला.

माझे आजोबा राजापूरकडचे, लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, माणसं अठरा, तीन पाळ्यांत विभागलेली म्हणून मावायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच गरम चटईवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, पगाराला हिशोब. आजोबा लाल बावट्याच्या मोर्चाला जायचे, डांगेंना कॉम्रेड डांगे म्हणायचे, पण घरी बोलताना खोलीतल्या लोकांना कधी मित्र म्हटलं नाही, म्हणायचे 'आमचे खोलीवाले'. त्यांना कोणी सांगितलं असतं की कॉम्रेड म्हणजे शब्दशः खोलीवाले, तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक म्हणाले असते, मग वेगळं काय सांगतोयस.

इटलीत मजा बघा, तिकडे 'कामेराता' हा शब्द मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी धरला, म्हणून कम्युनिस्ट एकमेकांना 'कोंपान्यो' म्हणतात. एकाच खोलीवाल्या शब्दाने दोन देशांत विरुद्ध पार्ट्या पकडल्या.

अनुस्वार

आणि कोंपान्यो म्हणजे बरोबर पाव खाणारा, कोम अधिक पानिस. त्याच पानिसचा पोर्तुगीजांनी पांव केला आणि आपण वड्याबरोबर खातो. कंपनी पण तीच, एका पावावरची मंडळी. ईस्ट इंडिया कंपनीने पाव वाटून खाल्ला की नाही हा वेगळा धागा.

नदीकाठ

स्पेनमधे वेटरला 'कामारेरो' म्हणतात, इटलीत 'कामेरिएरे'. आधी राजाच्या शयनगृहात पाणी नेणारा सेवक, मग सरायतल्या खोल्या सांभाळणारा, आता चौकातल्या टेबलावर बिअर आणणारा. त्याच कामावरचा इंग्रजीतला मोठा माणूस म्हणजे चेंबरलेन. आणि व्हॅटिकनमधला 'कामेरलेंगो' आठवतो का, २१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस गेल्याची घोषणा कार्डिनल फॅरेल यांनी केली ते त्या पदावर होते म्हणून. शब्द तोच, एक जण बिल आणतो, एक जण दोन पोपांच्या मधे कारभार बघतो.

पण स्पॅनिश 'कामा' म्हणजे पलंग, तो ह्यात धरू नका, दिसायला भाऊ वाटतो पण वेगळ्या घरचा आहे. मी स्वतः वर्षभर तो ह्यातलाच समजत होते.

नागपुरी संत्रं

माझा एक मित्र बुखारेस्टला होता, रोमानियनमधे 'कामेरा' म्हणजे खोली आणि 'कमारा' म्हणजे लोणच्याच्या बरण्या ठेवतात ती कोठीची खोली. आणि रशियनमधे कामेरा म्हणजे तुरुंगाची कोठडी, शिवाय स्टेशनवर सामान ठेवायची जागा पण कामेराच. आपल्याकडेही कोठीघर आणि कोठडी एकाच घरची की.

खिडकीतला

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वकीलसाहेबांचं आणि शंकासूरचं भांडण वाचून माझं मत असं झालंय की इन कॅमेरा पंचनामा लिहिणाऱ्याला अडाणी म्हणायचा हक्क आपल्याला नाही. छताची खोली करणारे, खोलीची पेटी करणारे, सेवकाचा वेटर करणारे सगळे असेच डोळ्यांना जे दिसतं ते धरून गेले. पण त्या साताऱ्याच्या बाई वाचल्यावर मी तरी कोर्टाच्या बातमीत तो शब्द वापरणार नाही. बाकी ग्रामसभेत खुशाल चालू द्या.

शेवग्याची शेंग, चेंबरचं काय झालं?

शेवग्याची शेंग

निघालं. आत एक आख्खी टिफिनची पिशवी होती.

शंकासूर

दोन दिवसांनी येतोय. मी ह्या धाग्यावर सगळ्यात आधी पटत नाही म्हटलं होतं म्हणून शेवटी करूनच बघितलं. माझ्या खोलीला एकच खिडकी, तिला टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा लावला, कडांना चिकटपट्टी, दाराच्या फटीत टॉवेल. आधी सुईने भोक पाडलं, काहीच दिसेना, मग पेन घालून मोठं केलं. पहिली पाच मिनिटं नुसता अंधार, मी तुम्हा सगळ्यांना मनात शिव्या दिल्या. मग डोळे सरावले आणि कपाटाच्या पांढऱ्या दारावर काहीतरी निळसर हलतंय असं वाटलं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे होते, सगळे वरच्या बाजूला लोंबताहेत. आकाश खाली फरशीजवळ. मग वरून, म्हणजे छताजवळून, एक सायकलवाला उलटा गेला, बाहेर घंटी डावीकडून उजवीकडे गेली आणि हा उजवीकडून डावीकडे. रंगीत, आवाजासकट. मी तोंड उघडं टाकून बसलो होतो.

बाहेरून आईने विचारलं, एवढ्या अंधारात काय करतोयस. मी म्हटलं कॅमेऱ्यात बसलोय. ती म्हणाली बस, पण पंखा लाव, घामाने निथळशील. पंखा लावला तर पुठ्ठा फडफडतो आणि बिल्डिंग हलते. उद्या चारच्या सुमाराला ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं, तेव्हा परत बसणारे, पुठ्ठा पलंगाखाली ठेवलाय.